मकाऊला न गेलेले सबनीसकाका

सबनीसकाका मकाऊला कधीही गेलेले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याशी पाच मिनिटं बोललेल्या कुणालाही ते खरं वाटत नाही.

आम्ही तोक्योतल्या ओजिमात राहतो, एका चौदा मजली सरकारी इमारतीत. अशा वसाहतींना इथं दांची म्हणतात. आमच्या दांचीत जपानी म्हातारे आणि भारतीय इंजिनिअर यांची संख्या आता जवळजवळ बरोबरीत आली आहे. काका नवव्या मजल्यावर, आम्ही बाराव्या, आणि मधे अकराव्यावर कुलकर्णी. एकदा आम्ही तिघं लिफ्टमध्ये एकत्र सापडलो. कुलकर्णी त्याच आठवड्यात मकाऊची सहल करून आले होते.

"विमानतळावरून हॉटेलवर कसे गेलात?" काकांनी विचारलं.

"टॅक्सीनं."

कुणी गेल्याची बातमी कळावी तसा काकांचा चेहरा झाला. "कुठल्या दारानं बाहेर पडलात?"

"आता दार कोण लक्षात ठेवतं हो?"

"उजवीकडचं दार. बाहेर आलात की समोर बसेसची रांग. प्रत्येक हॉटेलची वेगळी बस, वेगळा रंग. चढायचं, बसायचं, उतरायचं. तिकीट कुणी विचारत नाही."

"म्हणजे फुकट?" कुलकर्णी म्हणाले.

तेवढ्यात नववा मजला आला. काका बाहेर पडले, पण त्यांनी एका हातानं दार अडवून धरलं. लिफ्टमधली ध्वनिमुद्रित बाई जपानीतून विनवण्या करू लागली. काकांनी तिला दाद दिली नाही. "फुकट नव्हे, कुलकर्णी," ते शांतपणे म्हणाले, "समाविष्ट!" आणि दार सोडलं.

काकांना 'फुकट' हा शब्द शिवीसारखा लागतो. त्यांच्या मते जगात फुकट काहीच नसतं, कुणीतरी कुठंतरी किंमत मोजलेली असते आणि आपण फक्त तिच्यात समाविष्ट असतो. स्टेशनाबाहेर जाहिरातवाली मुलं कागदी रुमालांची पाकिटं वाटतात, ती समाविष्ट. सुपरमार्केटातला मासे गार ठेवण्याचा बर्फ समाविष्ट. (काका मासे खात नाहीत. बर्फ सरबताला.) जपानात येऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली, त्यांनी कागदी रुमाल एकदाही विकत घेतलेला नाही.

काका मूळचे मिरजेचे. एका विमा कंपनीची जुनी सिस्टिम तपासायचं काम करतात. ती सिस्टिम इतकी जुनी आहे की ती समजणारी दोनच माणसं उरली आहेत आणि त्यातला जपानी माणूस निवृत्तीला आला आहे. ऑफिसात त्यांना साबुनिसु-सान म्हणतात. माझी मुलगी सई त्यांना 'साबु-जी' म्हणते. याचा काकांना फार अभिमान. "बघ निनाद, परदेशात वाढतेय, पण 'जी' लावल्याशिवाय हाक मारत नाही. संस्कार!" जपानीत 'जी' म्हणजे आजोबा, हे आम्ही त्यांना आजवर सांगितलेलं नाही. काका अठ्ठावन्नचे आहेत आणि केस काळे करतात.

लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "राहून गेलं. बजेटात बसलं नाही."

तर मकाऊ. चीनच्या दक्षिण टोकाला चिकटलेलं हे जुगाराचं शहर. राजवाड्यासारखी हॉटेलं, आणि प्रत्येकाच्या पोटात मैदानाएवढा कॅसिनो. काकांसारख्या माणसानं, जो पत्ते खेळतानासुद्धा साखरेच्या पुड्या लावतो, त्यानं या शहराच्या प्रेमात का पडावं? यावर त्यांचा एक सिद्धान्त आहे. तो त्यांनी मला कचरा टाकायला खाली गेलो असताना, प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं वेगळी करता करता समजावून सांगितला.

"हे बघ. त्या शहरात रोज हजारो लोक येतात आणि हरतात. ते हरतात म्हणून बसेस चालतात, कारंजी उडतात, गालिचे अंथरले जातात. आपण हरायला जायचंच नाही. आपण फक्त त्यांचे आभार मानायचे आणि बसमध्ये बसायचं. जगात इतकं स्वच्छ गणित दुसरीकडं नाही."

"आणि आपण खेळलो तर?"

"मग आपण दुसऱ्यांच्या बसचा खर्च करायला लागलो. हात खिशात ठेवायचे."

हे सगळं ज्ञान त्यांनी मिळवलं ते नकाशे बघून, प्रवाशांचे व्हिडिओ बघून आणि जाऊन आलेल्यांची उलटतपासणी घेऊन. कुठली बस किती मिनिटांनी सुटते, कुठल्या हॉटेलात पाण्याच्या बाटल्या मागितल्या की मिळतात, शाकाहारी माणसानं कुठल्या गल्लीत शिरू नये, सगळं तोंडपाठ. ओजिमातली अकरा कुटुंबं त्यांच्या आराखड्यावर मकाऊ करून आली. कुलकर्णी बारावे; त्यांनी काकांना न विचारता जायचा उद्धटपणा केला आणि टॅक्सीत बसून त्याची शिक्षा भोगली. बाकी प्रत्येकानं येताना काकांसाठी तिथल्या बदामी बिस्किटांचा डबा आणला. काकांच्या स्वयंपाकघरात मोहरीपासून स्क्रूपर्यंत सगळं त्या डब्यांत असतं.

मग स्वतः का गेले नाहीत? मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "तिथं खोलीचा दर दोघांचा असतो रे. एकट्यानं गेलं की अर्धी खोली वाया."

तसे दरवर्षी ते कुणाबरोबर तरी जाणार असत. एका वर्षी बरोबर येणाऱ्या जोडप्यातल्या बायकोला दिवस गेले. एका वर्षी जोडीदाराची बदली ओसाकाला झाली. एकदा साथीनं विमानंच बंद पडली. काका प्रत्येक वेळी म्हणत, "हरकत नाही, आराखडा जुना होत नाही." पण तो होत असे. मग ते पुन्हा बसून बसेसच्या वेळा तपासत.

गेल्या वर्षी माझं कॉन्ट्रॅक्ट या मार्चमध्ये संपणार हे नक्की झालं. मार्चनंतर पुणे. जाण्याआधी एकदा कुठंतरी जाऊन येऊ म्हणून मी आणि माझी बायको मृणाल बोलत होतो, आणि नेमकी त्याच वेळी माझी आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. बाबा जाऊन एक वर्ष झालं होतं. ती प्रथमच देशाबाहेर पडली होती. मृणाल म्हणाली, "मकाऊ. आणि काकांनाच बरोबर घेऊ. दोन खोल्या. एकीत आई, मी, सई, दुसरीत तू आणि काका. अर्धी खोली वाया जायला नको."

मी खाली जाऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. मी दारातून निघालो तर त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना रे?"

त्यानंतरचे दोन महिने काका जमिनीवर नव्हते. पाचही तिकिटं काढली, अर्थातच परत न होणारी, कारण तीच स्वस्त. मंगळवार ते शुक्रवार, कारण शनिवार-रविवारी खोल्यांचा दर दुपटीवर जातो. तिथल्या भाषेतला 'आभारी आहे' हा एकच शब्द काका शिकले, 'म्-गोय', आणि तो लिफ्टमध्ये सगळ्यांवर चालवून पाहू लागले. बसच्या ड्रायव्हरला म्हणायला. "हरलेल्यांना म्हणायचीही इच्छा आहे," ते म्हणाले, "पण गैरसमज होईल."

आईचं आणि त्यांचं पहिल्याच दिवशी जमलं होतं. आई छत्तीस वर्षं शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे पन्नाशीचा माणूसही तिला चौथीतलाच वाटतो. ती शिक्षिका होती हे कळताच काकाही तिला 'बाई' म्हणू लागले आणि तिच्यासमोर खुर्चीत ताठ बसू लागले.

निघायच्या आधी चार दिवस, शुक्रवारी, काका पासपोर्ट तपासायला आमच्याकडं आले. जेवणाच्या टेबलावर पाच पासपोर्ट मांडले, चष्मा चढवला. त्यांचा स्वतःचा, माझा, मृणालचा, सईचा. इथल्या रहिवाशांना जाऊन परत येण्याचा प्रश्न नसतो. मग आईचा उघडला आणि ते थांबले.

"निनाद, बाईंचा व्हिसा कुणी काढला?"

"मीच. का?"

त्यांनी पासपोर्ट माझ्यापुढं सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. एंट्रीज: सिंगल.

नव्वद दिवस एवढंच मी पाहिलं होतं. नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस, त्यात मधे कुठं जाऊन यायचं असेल तर तसा वेगळा व्हिसा मागावा लागतो, हे मला, बारा वर्षं जपानात काढलेल्या माणसाला, सुचलंच नव्हतं.

आईनं वाकून पाहिलं. "ते होय? ते मी साताऱ्यातच वाचलं होतं," ती म्हणाली. "सिंगल. बरोबरच आहे की. तुझे बाबा गेल्यावर मी सिंगलच. सरकारी कागद आहे, खरं तेच लिहिणार."

आम्हाला कुणाला न सांगता तिनं तो शब्द एवढे दिवस स्वतःजवळ ठेवला होता. मृणाल उगाचच सईची वेणी सोडून पुन्हा घालू लागली.

काका आपली खुर्ची ओढून आईशेजारी बसले. "बाई, ते तुमच्याबद्दल नाही हो," ते म्हणाले. "ते दाराबद्दल आहे. या दारातून एकदाच आत यायचं, असं म्हणणं आहे त्यांचं. तुम्ही बाहेर गेलात तर ते परत आत घेणार नाहीत."

"असं होय!" आई म्हणाली. तिचा चेहरा खरंच उजळला. "मला वाटलं, एवढ्या लांबच्या लोकांनाही कळवलं की काय निनादनं." मग एकदम म्हणाली, "आणि माझ्या साड्या?"

"त्या इथं राहतील."

"आणि मी?"

"तुम्ही साताऱ्याला. मकाऊमार्गे."

नवा व्हिसा चार दिवसांत मिळणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, सहल रद्द. मृणाल म्हणाली, ती आईंजवळ राहते. आई म्हणाली, मी कुकुलं बाळ आहे का, राहीन की एकटी. आणि तिला ना इथली भाषा येत होती, ना गॅसचं बटण. सई रडायला लागली, तेही जपानीतून. या सगळ्या गदारोळात काका त्यांच्या आराखड्याच्या कागदांची एकेक घडी घालत होते. मग ते माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "तुम्ही तिघं जा. बाईंजवळ मी राहतो."

"काका, अजिबात नाही."

"अरे, ऐक. ऑफिसात रिलीज आलंय, सिस्टिमची नवी आवृत्ती सुरू होतेय, सगळ्यांच्या रजा रद्द. कालच कळलं. मला तसंही जमणार नव्हतं, कसं सांगावं या विचारात होतो. बरं झालं." आणि मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "पाचांतली दोन तिकिटं वाया जाताहेत, पाचही घालवतोस का?"

मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर तो ठेवणं सोयीचं होतं.

मकाऊचं काय सांगू? ते आम्हाला ओळखीचं निघालं. उजवीकडच्या दारानं बाहेर पडलो, समोर बसेसची रांग. मी ड्रायव्हरला 'म्-गोय' म्हणालो, त्यानं नुसती मान हलवली. बस सुटली तोच काकांचा निरोप वाजला. "उजव्या खिडकीशी बसा. डावीकडं ऊन येतं." आलंच.

हॉटेलात खोलीचं दार उघडलं आणि दोन पलंग दिसले. दोन्हींवर चादरी ताणून घातलेल्या, दोन्हींच्या पायाशी सपातांचे जोड, दोन ब्रश, पाण्याच्या दोन बाटल्या. मृणाल आणि सई पलीकडच्या खोलीत सामान लावत होत्या. मी एका पलंगावर बसून दुसऱ्याकडं बघत राहिलो. अर्धी खोली वाया म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. काकांचा निरोप आला: "दुसरा ब्रश आणि सपाता घेऊन ये. समाविष्ट."

तीन दिवस आम्ही त्या माणसाच्या डोळ्यांनी शहर पाहिलं. पडक्या चर्चच्या वाटेवर बिस्किटांची दुकानं लागतात आणि दारातल्या मुली चव बघायला तुकडे देतात. काकांचं वाक्य होतं: "सात दुकानं, माणशी एकेक तुकडा. लाल पत्र्यासारखं जे दिसतं ते मांस आहे, हसून पुढं जाणे." आम्ही सात दुकानं हसत हसत पार केली आणि आठव्यात लाजेखातर दोन डबे विकत घेतले. एका हॉटेलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, सगळं त्यांच्या बसेसनी. सईला तर बसेसच आवडल्या. रंगावरून हॉटेल ओळखायला ती दुसऱ्याच दिवशी शिकली.

कॅसिनोत लहान मुलांना सोडत नाहीत. मृणाल सईला घेऊन बाहेर थांबली आणि मी आज्ञेप्रमाणे एकटाच आत गेलो. "आत जा, दुधाचा चहा पी, बाहेर ये. हात खिशात." ट्रॉलीवाल्या बाईनं चहा दिला. मी तो पीत उभा होतो. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा चिनी गृहस्थ हरला. त्याच्यापुढचा चकत्यांचा ढीग निघून गेला आणि तो नुसता हिरव्या कापडाकडं बघत बसला. एवढे दिवस मला काकांचा सिद्धान्त विनोदी वाटायचा. त्या क्षणी वाटलं, याच माणसाच्या जिवावर माझी मुलगी उजव्या खिडकीशी बसून फिरते आहे. जपानात राहून एक सवय लागते, बोलता आलं नाही की कमरेत वाकायचं. मी त्याला चहाचा कप हातात धरूनच वाकून नमस्कार केला. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी उरलेला चहा तिथंच ठेवून बाहेर आलो.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी बाकावर बसलो. कुठला बाक, तेही लिहिलेलं होतं. समोर कारंजं सुरू झालं, गाणं लागलं, पाणी इमारतीएवढं उंच उडायला लागलं. सई टाळ्या वाजवत होती. मृणाल म्हणाली, "पुण्याला गेल्यावर हे आठवेल." मी आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आई, आणि तिच्या खांद्यामागून काकांचा चष्मा.

"निनाद, फोन जरा डावीकडं घे," काका म्हणाले. "अजून. तिथं निळी पाटी आहे का? परतीची बस?"

"आहे काका."

"कितीचा आकडा आहे तिच्यावर?"

"अरे, मला कारंजं बघू दे की!" आई ओरडली. "बस काय, साताऱ्यातही असते."

शुक्रवारी दुपारी नारितावर उतरलो आणि पाचच्या सुमारास घरी पोचलो. आई एकटीच होती. स्वयंपाकघरातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. सईला जवळ घेऊन झालं, बिस्किटं उघडून झाली. मी म्हटलं, "काका कुठायत?"

"प्रमोद साडेसहाला येतो," आई म्हणाली.

"कोण प्रमोद?"

"कोण म्हणजे? तुझे काका. सहा वर्षं शेजारी राहतोस, नाव माहीत नाही होय?"

नव्हतं. पत्रपेटीवर सबनीस एवढंच आहे, तेही जपानी अक्षरांत.

"पहिल्या दिवशी मला गॅसचं बटण शिकवलं त्यानं. रोज ऑफिसातून आला की इथंच जेवायचा," आई सांगू लागली. "ऑफिस कसलं! काल काढून घेतलं मी त्याच्याकडून. चेहऱ्यावरून कळतं रे, एवढी वर्षं पोरं हाताळलीत. रिलीज नाही नि बिलीज नाही. पहिल्या दिवशी गेला तर साहेब म्हणाले, तू रजेवर आहेस, काम मिळणार नाही. मग रोज सकाळी बॅग घेऊन निघायचा आणि दिवसभर लायब्ररीत बसायचा. म्हटलं, घरी का नाही बसलास? तर म्हणे, बाई, तुम्ही निनादला सांगितलं असतं."

मी खाली बसलो. मृणालनं माझ्याकडं पाहिलं आणि ती दुसरीकडं बघू लागली.

"पण एक गंमत सांगते," आई म्हणाली. "पहिल्याच संध्याकाळी आला आणि दाराशी काहीतरी पुटपुटला. म्हटलं, काय रे? म्हणाला, 'तादाइमा'. घरी आलं की इथं तसं म्हणतात म्हणे, आलो या अर्थी. मी विचारलं, मग घरातल्यानं काय म्हणायचं? तर म्हणाला, ते मला वाचून माहीत आहे, बाई. ऐकून नाही." आई पुढं म्हणाली, "एकोणीस वर्षं. म्हणजे रिकाम्या घराला सांगत असणार, आलो म्हणून. मला कुठलं येतंय त्यांचं जपानी? मी आपलं विचारलं, आलास का रे? तर नुसता उभाच. म्हटलं, आता हातपाय धू. मग हलला."

साडेसहा वाजले. पावणेसात झाले. काका आले नाहीत. आईनं पाचवं ताट पुसून ठेवलं होतं. "आज तुम्ही आलात म्हणून येत नसेल," ती म्हणाली. "जा, घेऊन ये."

मी नवव्या मजल्यावर गेलो. काकांनी दार उघडलं, ऑफिसचे कपडे अंगावरच होते. "आलात? बस वेळेवर होती? निळ्या पाटीवरचा आकडा राहिलाच बघ सांगायचा."

मी आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली. लायब्ररीचं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण मी गिळलं. एवढ्या जपून सांभाळलेल्या खोट्याला हात लावायचा धीर झाला नाही. मी एवढंच म्हणालो, "काका, आभारी आहे. मनापासून."

"माझे कशाला? हरले त्यांचे मान."

"त्यांचेही मानले. मार्चच्या आधी आपण दोघं जाऊ. मी रजा काढतो. खोली दोघांची असते."

काका चष्मा काढून पुसायला लागले. "शनिवार-रविवार नको," ते म्हणाले. "दर दुप्पट असतो."

"मंगळवार ते शुक्रवार."

"नक्की?"

"नक्की. आणि आता वर चला. आई थांबलीय जेवायची."

"आज कशाला रे? आज तुमचं घर भरलंय. बाईंनाही तुमच्याशी बोलायचं असेल."

"काका, मी एकटा वर गेलो तर मला जेवायला मिळणार नाही."

हे त्यांना पटलं. आम्ही लिफ्टनं बाराव्या मजल्यावर आलो. मी किल्लीनं दार उघडलं, काका माझ्यामागून आत आले आणि बूट काढायला वाकले. दाराचा आवाज ऐकून स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "आलास का रे?"

"हो, आलो," मी सवयीनं म्हणालो.

"तुला नाही," आतून आवाज आला. "प्रमोदला विचारतेय."

काका अजून वाकलेलेच होते. बुटाची नाडी केव्हाच सुटली होती.

"आलो, बाई," ते म्हणाले.